वसंत काविळीनं गेला नाही

"वसंता गेला. कुणी इचारलं तर कावीळ झालती म्हणा." वसंतच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा, फोन एवढाच. आठवला की आजही तोंड कडू होतं. वसंत उमरग्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा, मी शेजारच्या वर्गात गणित. तो गेला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं, पण आतड्याचं नाव काढायचीच या घराला घाण वाटत होती... ऑपरेशननंतर पोटाला शौचाची पिशवी लावून तो घरी आला, तेव्हा याच मंडळींनी त्याचं ताट वेगळं केलं होतं.

आजाराचं मूळ कळल्यावर वसंतनं मला वर्गात शिकवावं तसं समजावलं होतं. "डीएनएचं एखादं अक्षर बिघडलं, की त्याच्यासमोर चुकीची जोडी बसते. ती उपटून काढणारं एक विकर, एन्झाइम, असतं बघ. त्याचं जनुक आई आणि बाप, दोघांकडनं बिघडलेलं आलं की डागडुजी बंद. माझं तसंच झालंय." आईवडील आतेमामे भावंडं. दोघंही ठणठणीत, भोगलं मुलानं. म्हणून तो अण्णांच्या मागं लागला होता, तुम्ही आतडं तपासून घ्या, सुमनलाही जाऊ द्या, गाठी वेळेत सापडल्या तर काढता येतात. सुमन धाकटी बहीण, कळंबला दिलेली. अण्णा म्हणाले, "बाईमाणसाची तसली तपासणी? लाज हाय का न्हाय?" आणि तेराव्याला, वसंतच्या फोटोसमोर, याच अण्णांनी आपल्या मुलीची सोयरीक सुमनच्या मुलाशी पक्की केली. पुन्हा मामाचीच पोरगी! पंगतीत लोक बुंदी मागून घेत होते. मला पानावर बसवेना. किळस आली, साफ किळस, आणि ती वसंतच्या आजाराची नव्हती.

दर रविवारी सकाळी वसंत सुमनला फोन लावायचा. "गेलीस का गं सोलापूरला तपासायला?" ती हसण्यावारी न्यायची. परवाच्या रविवारी तिनं मला फोन केला.

"सर, या वक्ताला दादाचा फोन यायचा... गेलते म्या. गाठी निघाल्या, काढल्या. डॉक्टर म्हणले, येळेत आलात."

"अण्णांना कळलं?"

"म्याच सांगितलं. पोरांचं रक्त तपासल्याबिगर लगीन न्हाय म्हणलं. तर म्हणले, पुन्यांदा या दारात येऊ नको."

ती रडत नव्हती. मी विचारलं, "पुढच्या रविवारी मी फोन करू का?"

ती म्हणाली, "करा की. दादा आठ वाजता करायचा."