कणकेतले आठ स्क्रू

“आधी काळी वायर!” असं म्हणून आमचे शेजारी तात्या गाडीच्या बॉनेटवर दोन टिचक्या मारत. लोणी देवकरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म घालवला आणि निवृत्तीनंतर आमच्या अख्ख्या पिंपळी गावाला छळलं. असा एखादा शेजारी तुमच्याही नशिबी असेलच.

भर उन्हाळ्यात माझ्या गाडीचं एसीचं पॅनेल बिघडलं. नुसती गरम हवा फेकायचं. बारामतीहून नवीन पॅनेल आणून गॅरेजला निघालो, तर तात्या फाटकात आडवे.

“आठ स्क्रूचं काम, गुरुजी. हितंच काढू.”

बॅटरीची काळी वायर सुटली. आता उरका म्हटलं, तर म्हणे, “दहा मिनिटं थांबायचं. एअरबॅग हाय. तोंडावर फुटली म्हंजी?” बसलो घड्याळाकडे बघत. मग ओरखडे पडू नयेत म्हणून उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी हवी. मग स्क्रू हरवू नयेत म्हणून कणकेचा गोळा हवा! बायकोनं कपाळाला हात लावला, पण दिला. निघेल तो स्क्रू त्यात खुपसायचा. “वायर वढायची न्हाय, खटका दाबायचा,” हे मला दहादा ऐकवलं. मी वायरीला हातसुद्धा लावला नव्हता हो!

पॅनेल निघालं आणि तेवढ्यात घात झाला. माझ्या आईला कमी दिसतं. बाजूला ठेवलेली कणीक म्हणजे गाईचा घास, असं समजून तिनं गोळा नेऊन गाईला दिला. मी धावलो, जबड्यातून अर्धा गोळा ओढून काढला. स्क्रू मोजले. सात.

गाय गाभण होती, आणि लोखंड पोटात गेलं की जनावर हातचं जातं. डॉक्टर म्हणाले, शेण बघत राहा.

तीन दिवस मी आणि तात्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन शेण चिवडत होतो. “तुमच्या त्या कणकेपायी!” मी ओरडायचो. ते लोहचुंबक पुढच्या शेणात फिरवायचे.

चौथ्या दिवशी फाटकातूनच म्हणाले, “स्क्रू गाईच्या पोटात न्हाय. माझा शब्द हाय.”

“कशावरून?”

“सांगितलं न्हवं!” आणि तरातरा निघून गेले.

असा संताप आला! यांच्या शब्दावर गाय जगणार होती का? ती विईपर्यंत मी रोज शेण चिवडलं. गाय सुखरूप व्याली. सात स्क्रूंवरचं पॅनेल मात्र प्रत्येक खड्ड्याला खडखडायचं आणि मी प्रत्येक खड्ड्याला तात्यांचा उद्धार करायचो.

यंदा थंडीत तात्या गेले. तेराव्यानंतर त्यांच्या बायकोनं माझ्या हातात एक काडेपेटी ठेवली. आत स्क्रू.

“सदरा धुताना खिशात घावला. चौथ्याच दिवशी. म्हटलं, देऊन या. तर म्हनले, कुठल्या तोंडानं देऊ? समद्यांला मीच शिकवतो, स्क्रू जपा म्हणून.”

आता भांडू कुणाशी? घरी आलो, बॉनेट उघडलं, आधी काळी वायर सोडली आणि गाडीत जाऊन बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. स्क्रू मुठीत तसाच होता.