ड्रमच्या आतली बाजू

गेल्या महिन्यात फोनवर तुमच्यापैकी धाकट्याने विचारलं, "आजी, आजोबांचा ड्रम आहे का गं अजून?" मी लगेच म्हणाले, "आहे ना, शाळेत आहे." माझ्याच कपाटात ठेवल्यासारखं ठामपणे म्हणाले. खरं तर तो मी शाळेतून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून पाहिलेला नव्हता.

फोन ठेवल्यावर शाळेत चौकशी केली. खेळाच्या सरांनी सांगितलं, "मॅडम, बँडचं सगळं जुनं सामान शुक्रवारी भंगारात जातंय. नवे ड्रम आलेत, हलके आहेत. मुलांच्या पाठी दुखत नाहीत." तो दिवस बुधवार होता.

तुमच्यातल्या मोठीलाही हे माहीत नसेल म्हणून सांगते. आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात पत्राकामाच्या विभागात होते आणि संध्याकाळी कॉलनीतल्या हौशी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. पट्ट्याने कमरेशी अडकवून दोन काड्यांनी वाजवतात तो ड्रम. खालच्या कातड्याला तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे त्याचा आवाज करकरीत येतो. पुढे कॉलनीतला बँड मोडला. माझ्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनाला एक ड्रम कमी पडत होता, तेव्हा मी त्यांचा मागून नेला. "दोन दिवसांत आणते," म्हणाले होते. तो तिकडेच राहिला. त्यांनी कधी परत मागितला नाही आणि मी कधी आणला नाही. ते गेले तेव्हाही तो शाळेच्या कोठीतच होता.

गुरुवारी सकाळी मी शाळेत गेले. सोबत तांबट गल्लीतले एक कारागीर होते. ते माझे जुने विद्यार्थी, आता स्वतः साठीचे. शाळेच्या बँडची डागडुजी त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याच दुकानात होत आली. कोठीच्या ओट्यावर नऊ ड्रम मांडले होते. कातडी फाटलेली, तारा लोंबकळत होत्या.

"आपला कितव्या नंबरचा होता, मॅडम?" सरांनी विचारलं.

"चार."

चार नंबरचा ड्रम त्यांनी पुढे केला. मला बघताक्षणी कळलं की नंबराचा काही उपयोग नाही, आणि त्याला कारण मीच आहे. नंबर मी स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटने घातले होते, पण ते वरच्या लाकडी कड्यांवर. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी वाद्यं पूजेसाठी सुटी करायचो. पितळी स्क्रू चिंचेच्या पाण्यात टाकायचे, कडी पुसून उन्हात ठेवायची, पत्र्याची पिंपं, म्हणजे ड्रमची मोकळी अंगं, मैदानावर ओळीने मांडायची. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग मुलं हाताला येईल ते जोडत सुटायची. कोणाचं कडं कोणाच्या अंगावर बसतंय हे मी कधी तपासलं नाही. इतर प्रत्येक गोष्टीची यादी करणारी बाई मी!

कारागिरांना हे सांगितलं तर ते हसले. "बाई, आम्हाला वर्गात खोडरबरावरसुद्धा नाव घालायला लावायच्या तुम्ही."

"नंतर हस. आधी शोध."

त्यांनी सगळी कडी काढून बाजूला ठेवली. उरली ती नऊ चकचकीत पिंपं, मुलाम्यामुळे बाहेरून सगळी सारखी. प्रत्येकाच्या मधोमध पत्र्याला फुगवटा देऊन काढलेला एक कंगोरा होता. पत्रा दबू नये म्हणून तो असतो. मी फ्रिजवरचं लोहचुंबक पर्समध्ये घालून नेलं होतं, कारण आजोबांचा ड्रम पितळी होता एवढं मला पक्कं ठाऊक होतं. सहांना चुंबक चिकटलं. म्हणजे ते लोखंडी, वर नुसता मुलामा. तीन उरले.

"आता आत बघायचं," कारागीर म्हणाले. "बाहेरून सगळेच नवरदेव."

पहिल्याच्या आत वरपासून खालपर्यंत एक सांधा होता. पत्र्याच्या दोन्ही टोकांना करवतीसारखे दात पाडून ते एकमेकांत बसवले होते आणि वर पितळ वितळवून डाख दिला होता. कारागिरांनी त्यावरून अंगठा फिरवला. "हा आपल्या गल्लीतला. हंड्याला असाच सांधा करतात." म्हणजे तो बाद, कारण आजोबांच्या ड्रमला सांधा नव्हता. "अखंड आहे," असं ते पाहुण्यांना न चुकता सांगत.

उरलेल्या दोघांच्या आत सांधा नव्हता. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक गोल रेघा होत्या. पत्रा लेथवर फिरवत, दाबत दाबत त्याला आकार दिला की अशा रेघा उमटतात. दोन्ही बहुधा एकाच कारखान्यातले. खालच्या काठाला तारा बसाव्यात म्हणून समोरासमोर दोन उथळ खाचा असतात, त्यासुद्धा सारख्या. हवा जायच्या भोकाभोवतीची पितळी कडीदेखील सारखी. मी दोन्ही हातात घेतले. वजनही सारखंच.

"दोन्ही घेऊन जा ना, मॅडम," सर म्हणाले. ते मनापासून बोलले, पण मला ते चाललं नसतं. नातवाला मी काय सांगणार होते, या दोहोंतला एक तुझ्या आजोबांचा असावा?

कारागीर एक पिंप उन्हात धरून फिरवत होते. ते थांबले. "याला चीर गेलीय बाई. हवेच्या भोकापासून बोटभर. आणि टोकाला कोणीतरी आणखी एक भोक पाडून ठेवलंय."

"हो, तो फुटकाच आहे," सर म्हणाले. "तो कशाला नेता?"

"आमच्यातल्या कोणाचं काम नाही हे," कारागीर म्हणाले. "आम्ही डाख देऊन चीर बुजवली असती. फुटक्याला आणखी भोक कोण पाडतं?"

मी चष्मा पुसला आणि पाहिलं. साबुदाण्याच्या दाण्याएवढं भोक, अगदी गोल, कडा घासून मऊ केलेल्या. मला आमची न्हाणीघरातली निळी बादली आठवली. तिला चीर गेली तेव्हा आजोबांनी ड्रिलने चिरेच्या टोकाला भोक पाडलं होतं. मी भडकले होते. "गळणाऱ्या बादलीला आणखी भोक? कारखान्यात असंच करता का?"

"असंच करतो," ते म्हणाले होते. "चिरेचं टोक धारदार असतं, म्हणून ती पुढे पळते. टोकाला गोल भोक पाडलं की तिला पळायला टोकच उरत नाही. विमानाच्या पत्र्याला हेच करतात." मग त्यांनी भोकात आणि चिरेत मेण भरलं आणि ती बादली आणखी कितीतरी वर्षं वापरली.

आमच्या घरात असताना ड्रमला चीर नव्हती. म्हणजे ती शाळेत पडली, ड्रम माझ्या ताब्यात असताना. कुठल्यातरी मुलाने तो पाडला असेल. आजोबांना ते कळलं असेल, ते कधीतरी येऊन दुरुस्त करून गेले असतील, आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून बोलले नसतील. हे मी अंदाजाने लिहितेय. भोक मात्र अंदाज नाही.

"हाच," मी म्हणाले.

"डाख देऊ का वरून?" कारागिरांनी विचारलं. "मुलाम्यासकट एकसारखं करून देतो. दिसणार नाही."

"नको."

ऑफिसात कारकुनाने बाहेर न्यायच्या वस्तूंच्या वहीत लिहिलं, 'फुटका ड्रम, नग एक.' मी वाचलं आणि वही परत त्याच्यासमोर सरकवली. "फुटका नाही. दुरुस्त केलेला, असं लिहा."

"मॅडम, भंगारात निघालेला माल आहे. दुरुस्त लिहिलं तर वरून विचारणा होईल."

"होऊ दे. मला फोन करायला सांगा."

त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. मग त्याने 'फुटका' हा शब्द एका रेघेने खोडला, वर 'दुरुस्त केलेला' असं लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. "खाडाखोडीशेजारी सही लागते, मॅडम. तुमचाच नियम आहे." मी सही केली आणि ड्रम काखेत घेऊन रिक्षा बघायला बाहेर आले.