पिशवी धुऊन टाका

पिंजऱ्यावरचा टॉवेल उचलला आणि आतून बिघडलेल्या मिक्सरसारखी घरघर सुरू झाली. मुठीएवढा प्राणी, पण आवाज असा की बाहेर बाकापाशी बसलेला लॅब्रॅडोर उठून उभा राहिला.

"असंच करून राहिले, डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या. "मी जवळ गेली की असंच. बारा दिवस झाले. हात लावू देत नाही, धड खात नाही."

बाईंचं नाव लता मेश्राम. पोस्टात नोकरी. पिंजरा मांडीवर घेऊन कन्हानहून बसने आल्या होत्या. आत शुगर ग्लायडरची जोडी होती. मादीचं नाव तीळ, नराचं गूळ.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. खारीपेक्षा लहान, डोळे मोठे. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तो ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. दिवसा झोपतो, अंधार पडला की जागा होतो. कळपात राहतो आणि आपलं कोण, परकं कोण हे वासावरून ओळखतो. नागपुरात माझी प्रॅक्टिस मुख्यतः कुत्र्या-मांजरांची. ग्लायडर वर्षातून चार-पाच येतात. तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजत होतो.

"विकत घेतलेत का?" मी विचारलं.

"नाही, पोरीचे आहेत. स्नेहलचे. ती इथं नागपुरात रूम करून राहत होती. आता माझ्याकडे आणले."

"मुलगी कुठे आहे?"

"ती गेली."

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांतली मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला गेलेली असतात. मी केसपेपरवर लिहिलं : ओनर बाहेरगावी.

"मग फोन करून विचारा तिला, काय खायला देत होती ते."

बाई पिंजऱ्याकडे पाहत राहिल्या. "नाही होत फोन," म्हणाल्या.

"बरं, जमेल तेव्हा विचारा."

बाहेर उलट्या करणारं एक पिल्लू ताटकळलं होतं. मी घाईत होतो. बाई त्यांना पपई आणि ग्लुकोजची बिस्किटं देत होत्या. ते बंद करायला सांगितलं. उकडलेलं अंडं, थोडं फळ, वर कॅल्शियमची पावडर, असं लिहून दिलं. नाहीतर या प्राण्याचे मागचे पाय लुळे पडतात. मग विश्वास कसा मिळवायचा ते सांगितलं. पकडायला जायचं नाही. त्यांची झोपायची कापडी पिशवी दिवसा गळ्यात अडकवून वागवायची. ते आत झोपतात, झोपेत आपला वास आणि आवाज त्यांच्या अंगवळणी पडतो.

पिंजऱ्यातली पिशवी मी चिमटीत धरून पाहिली. मुताचा उग्र दर्प येत होता.

"ही स्नेहलच्या कुर्त्याची आहे. तिनंच शिवली," बाई म्हणाल्या.

"गरम पाण्यात धुऊन टाका. पिंजराही घासून काढा. जुना वास गेला की तुमचा धरतील."

"धुवायलाच लागन का?"

"धुवायलाच लागेल."

त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग टॉवेल पिंजऱ्यावर नीट घातला आणि गेल्या.

सहाव्या दिवशी त्या परत आल्या, अपॉइंटमेंट न घेता. तीळ पिंजऱ्याच्या तळाशी गोळा होऊन पडली होती. तिने स्वतःची शेपटी मुळाशी कुरतडली होती, हाड दिसत होतं. याला सेल्फ म्युटिलेशन म्हणतात. ताण असह्य झाला की हे प्राणी स्वतःलाच चावत सुटतात. गूळ कोपऱ्यात बसला होता. आज घरघरही नव्हती.

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलं तसं सगळं धुतलं. दुसऱ्या दिवशीपासून पिशवीत जाऊन नाही राहिले. शोधतच राहिले दोघंही, पूर्ण पिंजराभर."

"तुमच्या मुलीशी बोलायला हवं, ताई. नंबर द्या, मी बोलतो."

"डॉक्टरसाहेब, स्नेहल वारली. डेंग्यू झाला होता. मागच्याच महिन्यात." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मी सांगितलं होतं तुम्हाले. गेली म्हणून."

मी हातमोजे चढवत राहिलो.

त्या बोलत होत्या. "ती होती तेव्हा मी यायले उंदीर म्हणत होती. एक दिवस हात नाही लावला. आता घरी आणले, तं त्या पिशवीले तिचा वास होता. मीही घेत होती. धुतली त्या दिवशी बादलीजवळ लय वेळ बसली होती मी."

जुना वास एका दिवसात संपूर्ण काढायचा नसतो. नव्या घरात आलेल्या जिवाला तेवढाच आधार असतो. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. पण मी समोरची घाण पाहिली आणि सल्ला दिला.

"तिचं न धुतलेलं काही आहे का घरी?"

"एक ओढणी आहे. प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून ठेवली. ती माझ्यासाठी ठेवली होती."

मी मागितली नाही. मागायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच आणली, मधोमध कापून. अर्धी माझ्या हातात दिली.

तीळला भूल देऊन मी शेपटीचा मेलेला भाग काढला, टाके घातले. पुन्हा चावू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची छोटी कॉलर बसवली. ओढणीचा तुकडा तिच्याखाली अंथरला. ती त्यात तोंड खुपसून झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मी फोन केला तेव्हा लताताई काउंटरवर होत्या. "हो," एवढंच म्हणाल्या. मागे कोणाच्या तरी पार्सलवर शिक्के मारल्याचा आवाज येत होता.

गूळ जगला. आम्ही या वेळी बेताने घेतलं. पिशवीत ओढणीचा तुकडा आणि लताताईंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, दोन्ही शेजारी. पिशवी गळ्यात घालून त्या ड्युटीवर जाऊ लागल्या. पोस्टमास्तरांनी विचारलं, "हे काय घेऊन आल्या?" "औषध आहे," म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून शेजारी जमिनीवर बसायच्या. हात पुढे करायच्या नाहीत.

महिन्याभराने फोन आला. "आज मी बोटाले मध लावला होता. त्यानं दोन्ही पंजानं बोट धरलं. सोडूनच नव्हता राहिला."

मला मात्र पुढचं सांगायचं होतं. एकटा ग्लायडर झुरतो. कितीही जीव लावला तरी माणूस त्याचा कळप होत नाही. माझ्या एका क्लायंटकडे तीन ग्लायडर होते आणि गूळला घ्यायला ते तयार होते. नाहीतर लताताईंनी दुसरा आणायचा.

"दुसरा आणून त्याले आधी भेवाडायचं, मंग जीव लावायचा. माझ्यानं नाही होत आता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तिथं तिघं आहेत?"

"तिघं आहेत."

"मंग न्या."

पिंजऱ्याशेजारी पिंजरा ठेवून पंधरा दिवसांनी गूळ त्या तिघांत मिसळला. लताताई पाहायला गेल्या नाहीत. एकदाच फोन केला, खातो का विचारायला. खातो म्हटलं. बरं म्हणाल्या.

कॉलेजात आम्हाला हिस्टरी घ्यायला शिकवतात : वय किती, खातो काय, शौचाला कशी होते. घेऊन आलेला माणूस मध्येच गप्प झाला, तर पेन खाली ठेवून थांबायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं. आता थांबतो. बाहेरची रांग त्यामुळे लांबते आणि लोक कुरकुरतात.