अर्धी राहिलेली दृष्ट

मी शिकलो तो थोरल्या ताईमुळे. माझ्यासाठी स्वतःची शाळा सोडून ती शिवणयंत्रावर बसली. ऑक्टोबरात इथे अमेरिकेतल्या प्लेनो शहरात हॅलोवीनच्या कृत्रिम धुराचा वास आला, की तीच आठवते. ती पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा ऑफिसातल्या मित्रांबरोबर मी तिला थीम पार्कमधलं भुतांचं घर दाखवायला नेलं. आत तसल्याच धुरातून रक्ताने माखलेलं एक भूत करवत घरघरवत माझ्या अंगावर आलं, तशी ताई मला मागे ढकलून पुढे झाली. "खबरदार, पोराला हात लावलास तर!" भूतसुद्धा हसलं. बाहेर आल्यावर "घाबरलास ना, थांब," म्हणत तिने पॉपकॉर्नच्या स्टॉलवरून मिठाच्या पुड्या उचलल्या आणि भर गर्दीत माझी दृष्ट काढायला लागली. "यार, हे काय चाललंय?" एक मित्र हसला. मी तिचा हात झटकला. "ताई, बास! लोक बघतायत." पुड्या पर्समध्ये ठेवत ती म्हणाली, "बरं बाबा, तुझ्या गावात तुझं खरं." ती परत जाईपर्यंत मला माफी मागता आली नाही. मग पत्र लिहिलं: "ताई, त्या दिवशी दृष्ट अर्धीच राहिली. पुढच्या वेळी भर गर्दीतच काढ. मी हलणार नाही."