भिंतीपलीकडे हाकललेला कुत्रा

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय, म्हणून लगेच लिहितेय.

मी प्राण्यांची डॉक्टर. कुत्र्यांचे व्हायरस जंगलातल्या बिबट्यांपर्यंत पोचतात का, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. आज सकाळी मुलुंडला, जंगलाला लागून असलेल्या एका सोसायटीत लस घेऊन गेले. तिथला एक भटका कुत्रा आजारी असल्याचं कळलं होतं. डोळ्यांतून चिकट पाणी, पायांना झटके. मला डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांमधल्या एका जीवघेण्या व्हायरसची शंका होती, त्याचं रक्त तपासायचं होतं.

सेक्रेटरी काका खुशीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही येणार म्हणून सगळे कुत्रे मागच्या गेटने जंगलात हाकलले. सोसायटी एकदम क्लीन!"

"अहो काका, बिबट्या कुत्रे खातो. तुम्ही आजार त्याच्या ताटात वाढलात!"

"मग त्यालाच लस द्या ना!"

"तो रांगेत उभा राहणारे का?"

मी मागचं गेट उघडून बिस्किटाचा पुडा वाजवला. बाकीचे कुत्रे शेपट्या हलवत धावत आले. तो आजारी मात्र आला नाही.

"आत घेतलेत तर कम्प्लेंट करेन," काका ओरडले.

"खुशाल करा. तो सापडेपर्यंत मी रोज याच गेटवर बसणार."

तुमच्याही सोसायटीने कुणाला असं भिंतीपलीकडे हाकललंय? पत्ता पाठवा. तिथेही येते.