नजमाताईंनी दिलेला शब्द

पुस्तक देताना ते काउंटरवर पालथं ठेवायच्या. मुखपृष्ठ खाली.

बुधवारी मंडईतून पेरू आणायच्या. स्वतः बिनमिठाचा खायच्या. दुसऱ्याला देताना मात्र मिठाची पुडी सोबत.

दुमडलेला कोपरा दिसला की वडिलांची बांधणीकामाची हाडाची पट्टी काढून तो सपाट करायच्या. वडील म्हणजे अकबरभाई बाइंडर. वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यांनी शिवलेली.

"चांगलं काय आहे?" असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पंखा. त्याच्याखाली बसा आणि शोधा."

पुस्तक परत आलं की आतल्या कार्डावरचा सभासद क्रमांक जाड काळ्या पेन्सिलीने खोडायच्या. नुसती रेघ मारून नाही. आकडा पूर्ण बुजेपर्यंत.

हे खोडणं वाचनालयाच्या नियमात नव्हतं. शहाऐंशी साली त्या काउंटरवर बसायला लागल्या, त्याच वर्षी एका सासऱ्यांनी घटस्फोटाच्या कायद्यावरचं एक पुस्तक चाळायला घेतलं. कार्डावर त्यांच्या सुनेचा क्रमांक होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. ती सून पुन्हा वाचनालयात दिसली नाही. नजमाताईंनी दुसऱ्या दिवशी पेन्सिल विकत घेतली.

नजमा तांबोळी. वय सत्तावन्न. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. गेल्या महिन्यात, गुरुवारी सकाळी, घरातून निघताना चपला घालायला वाकल्या आणि तिथेच पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी एम.ए. झाल्यापासून चार वर्षं दुपारी त्यांच्या शेजारी बसत होते. त्यांच्याबद्दल लिहिताना अजून 'आहेत' असंच लिहिलं जातं. मग खोडते.

सांगायचं आहे ते त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल.

वाचनालयाने इंटरनेट घेतलं तेव्हा कार्यवाह तात्याराव म्हणाले, "नवी पिढी येईल." नवी पिढी आली नाही, कारण तिच्या घरी ते आधीच आलं होतं. आल्या त्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली, परीक्षेचे निकाल बघणारे आणि मुलगा अमेरिकेत असलेले आईवडील. कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. बसणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं, असं तात्यारावांचं मत होतं. नजमाताईंनी वही आणली आणि तिच्यात फक्त वेळ लिहायला सुरुवात केली.

दुपारी दोन ते चार तिथे गर्दी नसायची. त्या वेळेत एक मुलगी येत असे. म्हणजे अनेक मुली येत. त्यांतली एक. कोण ते मला आजही माहीत नाही. नजमाताई मला एवढंच म्हणाल्या होत्या, "तिला अंगावरचं काहीतरी शोधायचं होतं. राहत्या ठिकाणी सोय नाही. मी म्हटलं, इथे बस. कोणाला कळणार नाही."

पावसाळ्यानंतर दोन्ही कॉम्प्युटरवर जाहिराती दिसायला लागल्या. बातम्या उघडा, रेल्वेचं वेळापत्रक उघडा, पानाच्या उजव्या बाजूला एकच चौकट. कोडावर खात्रीशीर उपचार. लग्नाआधी डाग घालवा. पहिले काही दिवस कोणी लक्ष दिलं नाही.

मग एका दुपारी रामदास कुलकर्णी निवृत्तिवेतनाचा फॉर्म उतरवून घ्यायला बसले. ते खुर्चीतूनच वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "काय हो, वाचनालयात कोणाच्या अंगावर कोड उठलंय? मशीन आपल्याला औषध विकतंय."

टेबलावरचे एकजण म्हणाले, "तुम्हीच शेवटचे बसलात, कुलकर्णी. बघा घरी जाऊन."

हशा झाला. नजमाताई उठल्या, गेल्या आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून पडदा काळा केला.

"अहो, माझा फॉर्म," रामदास म्हणाले.

"उद्या या. यंत्राला बरं नाहीये."

त्या दुपारी खोलीत तीन मुली बसल्या होत्या. चौथ्या दिवशी नजमाताई म्हणाल्या, "ती येत नाही आता."

त्यांचा भाचा इमाद हिंजवडीत नोकरी करतो. त्याला त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, "खाला, आधी दोन्ही कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाका. तरी जाहिरात आली, तर ती मशीनमध्ये नाही, लाइनमध्ये आहे." कॉम्प्युटर पुसले. जाहिरात आली.

"लाइनमध्ये आहे म्हणजे तार देणारा वाचतोय," नजमाताई म्हणाल्या. "पण हे सिद्ध कसं करायचं?"

सिद्ध करायची युक्ती त्यांचीच. पेठेत कोणालाही लागणार नाही अशी वस्तू शोधायची. दोघी बराच वेळ विचार करत बसलो.

"उंटाचं खोगीर," त्या म्हणाल्या.

"उंटाचं का?"

"पेठेत उंट कोण पाळणार? लावायचा कुठे?"

मी दोन दिवस वाचनालयातून उंटाची खोगिरं शोधली. किमती पाहिल्या, चामड्याचे प्रकार वाचले. मग नजमाताईंनी इमादचा कोरा लॅपटॉप मागवला. तो आमच्या तारेवर कधीच लागला नव्हता. तारेला जोडला, बातम्या उघडल्या. उजव्या बाजूला वाळवंट होतं. जैसलमेर, तीन रात्री, उंटाच्या पाठीवर. तोच लॅपटॉप मी एरंडवण्यात माझ्या खोलीवर नेला. तिथे दुसऱ्या कंपनीची तार. चार दिवस बघितलं. उंट आला नाही.

नजमाताईंनी हे सगळं तारीख, वार, वेळ घालून फुलस्केपवर लिहिलं. खाली माझी सही घेतली. "पदवी पण लिही," म्हणाल्या. "कुठेतरी उपयोगी पडू दे."

तात्यारावांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "इंटरनेट आहे ते, नजमाबाई. हे असं चालायचंच."

"बरं. तुम्ही गेल्या वर्षात नेलेल्या पुस्तकांची यादी लावू का फलकावर? मला पाठ आहे."

तात्याराव माझ्याकडे बघून थांबले. मग खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर सही केली. त्यांनी काय नेलं होतं, ते मला नजमाताईंनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही होतं.

कंपनीचं कार्यालय टिळक रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. व्यवस्थापकाचं नाव शुभंकर. माझ्याच वयाचा. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं.

"मॅडम, आम्ही कोणाचं नाव बघत नाही. फक्त इंटरेस्ट बघतो. आणि ते पण मशीन बघतं, माणूस नाही."

"मशीनने बघितलेलं कोणाला देता?"

"पार्टनरला. जाहिरातवाल्यांना."

"ते पैसे देतात?"

"म्हणजे, बिझनेस आहे मॅडम."

"आमच्याकडे एका तारेवर दिवसाला चाळीस माणसं बसतात. एकाचं दुखणं तुम्ही एकोणचाळीस जणांना दाखवता."

हे शुभंकरच्या डोक्यात आलं नव्हतं, असं मला वाटलं. "कनेक्शन एकाच घराचं धरलेलं असतं," तो म्हणाला.

"पेठेत एकाच घराची तार दाखवा मला. तीन बिऱ्हाडं एकावर चालतात. कॉट बेसिसच्या खोलीत सहा मुली."

त्याने कपाटातून आमच्या वाचनालयाचा अर्ज काढला आणि उलटा करून पुढे ठेवला. मागे बारीक इंग्रजी अक्षरं. चौदावं कलम. सेवा सुधारण्यासाठी ग्राहकाच्या वापराची माहिती सहयोगी संस्थांना देण्यास संमती आहे. त्याच्याखाली सही होती. नजमा अकबर तांबोळी. वळणदार, स्वच्छ.

त्यांनी कागद जवळ ओढला.

"ही माझीच," त्या म्हणाल्या. "तारवाला शिडीवर उभा होता. म्हणाला, लवकर करा, पाय दुखतायत. मला त्याच्या पायांची काळजी वाटली."

जिना उतरताना मला म्हणाल्या, "पंचवीस वर्षं वाचनालयात बसले आणि न वाचता सही केली. तिचं गुपित मी विकलं. बाकीच्यांनी नुसतं विकत घेतलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्या वळून पुन्हा जिना चढायला लागल्या.

शुभंकरला त्यांनी उभ्यानेच विचारलं, "संमती काढून घेता येते?"

"ग्राहकाने सहीनिशी लेखी दिलं, तर ते कनेक्शन वगळू. पण अजून कोणीच मागितलेलं नाही मॅडम."

"मागतील."

वाचनालयाचं पत्र तिथेच लिहिलं. पोच घेतली. दहाव्या दिवशी चौकट रिकामी झाली. महिनाभर आम्ही रोज तपासलं. उंट नाही, कोड नाही. मला वाटलं, झालं.

त्यांना तसं वाटलं नाही. त्यांनी सभासदांमधून त्या कंपनीची तार असलेली घरं काढली. सत्त्याऐंशी निघाली. "ती आता दुसरीकडे कुठेतरी बसून शोधत असेल," त्या म्हणाल्या. "कोणत्या घरात, कोणाच्या तारेवर, मला काय माहीत? म्हणजे सगळीच घरं करायला हवीत."

संध्याकाळी वाचनालय बंद झालं की दोन घरं. रोज. गुडघा दुखायचा. लिफ्ट नसलेल्या इमारती त्यांनी आधी घेतल्या. "दम आहे तोवर जिने," म्हणाल्या.

लोक चहा देत आणि सही देत नसत. एका घरातले आजोबा म्हणाले, "आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"उत्तम. मग लग्नाआधीची पत्रं द्या तुमची. पत्रसंग्रहांना मागणी असते."

आतून आजींचा आवाज आला, "करा हो सही."

रामदास कुलकर्णींच्या घरीही आम्ही गेलो. नजमाताईंनी तो विनोद काढला नाही. रामदासांनीच काढला. "त्या दिवशी मी बोललो, ते कोणाला लागलं का हो?"

"सही इथे करा," नजमाताई म्हणाल्या.

त्यांनी केली. वर आणखी चार घरांचे पत्ते दिले.

मला मात्र एक प्रश्न होता. तो मी जानेवारीत विचारला. "तिला कळवलं का, की आता वाचनालयात धोका नाही?"

"पत्ता आहे. पण पत्र तिथे गेलं तर दुसरं कोणी उघडेल. फोन उचलणारंही दुसरंच. हातात द्यायला हवं." त्यांनी खणातून पाकीट काढून दाखवलं. बंद केलेलं. वर काही लिहिलेलं नव्हतं. "दुपारी ती ज्या रस्त्याने जाते तिथे दोनदा उभी राहिले. दोन्ही वेळा सोबत कोणीतरी होतं."

"मी देऊ का? कोण ते सांगा फक्त."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. "तुला सांगितलं, तर तिला काय सांगू?"

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्या. यादीतल्या त्रेपन्न घरांची पत्रं झाली होती. चौतीस राहिली होती. ती मी करते आहे. तात्याराव सोबत येतात. त्यांना जिने झेपत नाहीत. खाली उभे राहून वर बघत असतात. परवा एकूण सत्तर झाली.

पाकिटाचं मात्र मला काही करता येत नाही.

दुपारी दोन ते चार मुली येतात. काही जणी काउंटरपाशी थांबून विचारतात, "ताई नाहीत का?" मी सांगते. काही रडतात. एकीने परवा बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि न बोलता गेली. तिला हाक मारावी असं वाटलं. पण काय विचारणार? ती नसेल, तर मी एका अनोळखी मुलीला दुसरीचं गुपित सांगितलं असं होईल. ती असेल, तर मला माहीत आहे हे तिला कळेल. म्हणजे नजमाताईंनी सांगितलं, असंच ती समजेल.

पत्र उघडलं, तर कदाचित आत नाव असेल. मी ते उघडलेलं नाही.

खणात आहे. द्यायचं राहिलं आहे.