दंडांवरची शाई

हाजराला बाईचा चेहरा बघायची सवयच राहिली नव्हती. चौदा वर्षं सौदीतल्या यान्बूत तिची नजर गळ्यापासून सुरू व्हायची आणि पोटरीवर संपायची. नवरा कादिर बाजारातल्या सिनेमाच्या सीडींच्या दुकानात कामाला. परदेशी सिनेमांची कव्हरं मांडण्याआधी त्यांवरच्या बायकांचे उघडे दंड, गळे, मांड्या काळ्या मार्करने झाकाव्या लागत. कादिरचा हात जड, म्हणून तो गठ्ठे घरी आणायचा. गावी, श्रीवर्धनला, हाजरा लग्नाघरी मेंदी काढायची. तिची रेघ हलत नसे. कव्हरवरच्या दंडाला अशी बाही चढवायची, की शिंप्याने मापं घेऊन शिवली असावी. कार्टूनमधल्या राजकन्याही तिच्या हातून सुटत नसत.

मुलगी रुमाना बारावीत गेली आणि तिला ते खुपायला लागलं.

"अम्मी, फिर से उनके हाथ काट रही हो?"

"कापत नाही गो, झाकते."

"आणि ही?" रुमानाने एका कव्हरवर बोट ठेवलं. पुढे बंदूकवाला गोरा, त्याला बिलगलेली उघड्या दंडांची गोरी, आणि पार मागे, धुरात, नखाएवढी बुरख्यातली बाई. "हिला नाही लावली शाई?"

"तिला कशाला? ती आधीच काळी आहे."

"वही तो! तिला सिनेमावाल्यांनीच लावलीय. ती रडते, नाहीतर बॉम्ब लपवते, नाहीतर गोरा येऊन तिला सोडवतो. तिला नावसुद्धा नसतं, अम्मी. आणि जिला नाव असतं, तिला तू काळं करतेस."

हाजराने पुढचं कव्हर ओढलं. त्यानंतर महिनाभर मायलेकींत 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच उरलं.

मग दुकानांत सौदी माणसंच ठेवायची, असा हुकूम आला. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, हात वर केले. तिघांना गुरुवारी परतायचं होतं. त्याआधी शेवटचा गठ्ठा पुरा करायचा होता, आणि रुमानाचा शाळेतला शेवटचा प्रकल्पही. विषय होता, परदेशी सिनेमातली बाई. कधीच न निघालेल्या सिनेमाचं कव्हर काढायचं. आठवडाभर ती दार लावून रंगवत होती.

"टीचर हॉलमध्ये लावणार आहेत," रविवारी दुपारी ती बापाला म्हणाली. "उद्या अम्मीलाही घेऊन या. तिने तिथेच बघायचं."

आत कांदा चिरणाऱ्या हाजराने ते ऐकलं. बोलावलं तर खरं पोरीने! तिने लगेच बाहेर जाताना वरून घालायचा चांगला अबाया काढून इस्त्री केला, दाराच्या खुंटीला लावला आणि हलक्या मनाने गठ्ठा ओढून बसली. हात भराभर चालला. ही बाही, हा गळा, पुढचं. तळाशी एक कार्टूनसारखं रंगवलेलं कव्हर आलं. एकटीच बाई, कोपरावर खोचलेल्या बाह्या. दोन्ही हात तिने मनगटापर्यंत काळे केले.

शाळेतून आलेल्या मैत्रिणीला निरोप देऊन रुमाना आत आली. तिने गठ्ठा उचकला. तळाशी काहीच नव्हतं.

"अम्मी, इथे माझं कव्हर होतं. कागद वळत होता, म्हणून वजनाखाली ठेवलेलं."

हाजराने झालेल्या ढिगावरचं वरचं कव्हर पुढे केलं. रुमानाने काळ्या हातांवरून बोट फिरवलं.

"चेहरा बघितलास?"

आता हाजराने बघितला. हनुवटीवर तीळ. नाकात फुली. मान किंचित वाकडी, बारीक काम करताना होते तशी. काळ्या पट्ट्याच्या टोकाला, मुठीत मार्कर धरलेला होता. वर इंग्रजीत, ठळक अक्षरांत: हाजरा. मागे, धुरात, नखाएवढी बाई कुठेच नव्हती.

ती धावत जाऊन स्पिरिट घेऊन आली. कापसाचा बोळा फिरवला. शाई निघाली, तिच्याबरोबर रंगही निघाला. ती जोराने घासत राहिली. हातांच्या जागी कागदाची लव निघाली, मग भोक पडलं.

"छोड दो, अम्मी," रुमाना म्हणाली आणि खोलीत जाऊन कपडे भरू लागली.

कादिर खोकी न्यायला आला. "झालं ना गो सगळं?"

"झालं."

दुसऱ्या दिवशी शाळेत कोणीच गेलं नाही. हाजराने खुंटीवरचा अबाया काढला आणि इस्त्रीच्या घडीवरच बॅगेत दाबला.